सगळी नागली एकाच दिवशी

उंबरखोलात त्या सकाळी वास सगळ्यांना एकदमच आला. कुणी मिसरी लावत होतं, कुणी बकऱ्या सोडत होतं, धावजी मुठे सौरशेगडीची काच पुसत होता. पिकल्या पेरूसारखा गोडसर वास वरच्या उतारावरून खाली आला आणि जो तो होता तिथेच थांबून डोंगराकडे बघू लागला.

वास तसा नवा नव्हता. गेली दोन वर्षं कार्तिकात तो येत होता, पण एखाद-दुसऱ्या वावरातून. यंदा मात्र खोऱ्यातल्या चोवीसच्या चोवीस घरांनी ‘आढीची’ नागली, म्हणजे नाचणी, लावली होती. कागदोपत्री तिचं नाव ‘समपाकी-चार’. असली नावं फलकावर शोभतात, तोंडात बसत नाहीत. आंब्याच्या आढीत एक आंबा पिकला की त्याच्या वायूने शेजारचे पिकतात, तसंच हिचं होतं. एक कणीस पिकलं की ते वायू सोडायचं, आणि जिथवर तो पोचेल तिथवर दूध भरलेलं प्रत्येक कणीस दोन-तीन दिवसांत पिकून तयार व्हायचं. जुन्या नागलीचा एक फुटवा पिकायचा तेव्हा त्याच रोपाचा दुसरा फुटवा हिरवागार असायचा. बायका महिनाभर त्याच वावरात चार-चार फेऱ्या मारून पिकलेली तेवढी कणसं वेचायच्या.

डॉ. जयश्री डगळे नऊच्या सुमाराला संशोधन केंद्राच्या विजेवरच्या जीपमधून उतरली, तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. ही नागली तिने काढलेली होती आणि त्यात तिची अकरा वर्षं गेली होती. शेजारच्याच खोऱ्यात तिचं बालपण गेलं. दर कार्तिकात आई वेचणीला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला जयश्रीची शाळा बुडायची. सात वर्षांची असताना बांधावर बसून तिने आईला विचारलं होतं, “हे समदं येका दिवशी का नाही पिकत?” आई कंबर न उचलता म्हणाली, “मला काय इचारती, त्यालाच इचार.” आई पुढे लवकरच गेली. पोरीने मात्र पिकाला विचारलं, आणि इतक्या चिकाटीने विचारलं की त्याला उत्तर द्यावंच लागलं.

बडवणीत बायकांचे खांदे जातात म्हणून तिने दाणासुद्धा बोंडात सैल केला होता. पिकलेलं कणीस हातात चुरलं की नागली मोकळी. आईसाठी करायचं राहिलं ते ती खोऱ्यातल्या सगळ्या बायांसाठी करत होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. का नसावा?

“आलीस का गं? वास आला?” तान्हाबाई लोहकरे बांधावरूनच ओरडली. ही जयश्रीच्या आईची धाकटी बहीण. वय सहासष्ट, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक मांजर आणि उतारावर दीड एकर वरकस जमीन. आढीच्या नागलीची उंबरखोलातली पहिली चाचणी हिच्याच वावरात झाली होती, कारण बाकी कुणी तयार नव्हतं.

“फाट्यापासून येतोय, मावशी.”

“समद्या खोऱ्याला आलाय. म्या जल्मात आसं पाह्यलं न्हाई बघ.”

दर वावराच्या बांधावर बांबूला वायू मोजणारी एक डबी बांधलेली होती. लोक तिला ‘नाक’ म्हणत. चोवीस नाकांचे आकडे जयश्रीने फोनवर पाहिले. सगळे जवळजवळ सारखे. लावणी पंधरा दिवस मागेपुढे झालेली असूनही पीक एका दिवशी तयार! उंबरखोल वाडग्यासारखं, कार्तिकात वारा पडलेला, त्यामुळे वायू कुठे जायलाच तयार नव्हता. तिने पडद्याचं चित्र संचालकांना पाठवलं. डॉ. निरगुडकरांचं उत्तर मिनिटात आलं: “अभिनंदन! पुढच्या वर्षी तीनशे खोरी.”

तान्हाबाईने कमरेला विळा खोवला. “चल, सावड धावजीच्या वावरात जमलीय. म्होरकीच नसली तर कसं व्हायचं?”

सावड म्हणजे दिवसाला दिवस. आज सगळे माझ्या वावरात, उद्या सगळे तुझ्या. मजुरी द्यायची नाही आणि जेवण ज्याच्या वावरात काम त्याचं. घरटी दोन माणसं, म्हणजे अठ्ठेचाळीस विळे. एकदम पिकलेलं एक वावर अर्ध्या दिवसात निघणार होतं आणि बारा दिवसांत खोरं मोकळं होणार होतं. तान्हाबाई एकटी असल्यामुळे ती लावणीच्या वेळी दुप्पट खपून आपल्या दुसऱ्या माणसाचा वाटा भरून काढायची. गेली अठरा वर्षं ती सावडीची म्होरकी होती, आणि म्होरकीचं वावर सगळ्यांत शेवटी काढायचं असा रिवाज होता. जुन्या माणसांचा हिशोब असा की जिचं वावर शेवटी, ती सावड मधेच मोडू देणार नाही. अठरा वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

धावजीच्या वावरात पन्नासेक माणसं एका ओळीत शिरली. पहिल्या तासात थट्टामस्करी जोरात होती. आढीची नागली कापणं म्हणजे काम नव्हे, खेळ आहे, असं धावजीची सून रंजना म्हणत होती. ती खरंच बोलत होती. हिरवं-पिकलं निवडायचं नाही, नुसता विळा चालवायचा.

मग पांडू साबळे कंबर सरळ करायला उभा राहिला आणि त्याची नजर समोरच्या उतारावर गेली. त्याचं वावर तिथे होतं. काल पिवळट हिरवं होतं, आज तांबूस झालं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. वाकला, दोन पेंढ्या कापल्या आणि पुन्हा उभा राहिला. त्याच्या शेजारच्यानेही मान वर केली. थोड्या वेळाने ओळीतले निम्मे लोक कापणं सोडून डोंगर न्याहाळत होते.

“डाक्तरीणबाई, पिकल्यावर किती दिस दम धरती ही?” पांडूने विचारलं.

“पाच दिवस. सहाव्यापासून दाणा गळतो.” जयश्रीने सवयीने उत्तर दिलं. माहितीपत्रकात हे ठळक अक्षरांत छापलेलंच होतं.

“आन् माझा नंबर दहाव्या दिशी,” पांडू म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला नाही. विळा कमरेला लावून तो बांध उतरून गेला.

बोलाचाली झाली नाही, भांडण झालं नाही. कुणाचं जनावर सुटलं होतं, कुणाच्या बापाला ताप होता, कुणी पाणी प्यायला गेलं ते गेलंच. दुपारपर्यंत ओळीत अकरा विळे उरले. धावजीच्या घरचे सहा आणि तान्हाबाई धरून पाच. वाकून कापणारी तान्हाबाई मागे वळून बघत नव्हती. बघितलं असतं तर लोकांना लाज वाटली असती, म्हणून बघत नव्हती, असं जयश्रीला वाटलं.

जयश्री बांधावर बसली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा तो हिशोब केला. एका वावराला चोवीस मनुष्यदिवस. घरातली म्हातारी-कोतारी, कॉलेजातून आलेली पोरं धरून पाच माणसं कापायला लागली, तर पाच दिवसांत वावर निघतं. म्हणजे प्रत्येक घर आपापलं पीक वाचवू शकत होतं, सावडीतून निघून गेलं तर. आणि एकट्या बाईला चोवीस दिवस लागत होते.

तिच्या दोनशे बारा पानी प्रबंधात मनुष्यदिवसांचे तक्ते होते. केंद्रावरचे मजूर सकाळी गाडीतून येत, कापून संध्याकाळी परत जात. मनुष्यदिवस कोणाचा, कोणासाठी आणि कितवा, असा रकानाच तिने आखला नव्हता. परक्या माणसाने ही चूक केली असती तर तिला दोष देता आला असता. ही पोर सावडीच्या भाकरीवर वाढलेली होती! पण लहानपणी तिला सावड दिसायची ती आईला महिनाभर घराबाहेर ठेवणारी बला म्हणून. ती बला टाळायला निघाली, आणि सगळी सावडच टाळून बसली.

धावजीचं वावर संध्याकाळी निघालं. तान्हाबाईने शेवटची पेंढी बांधली तसा तो हात जोडून पुढे आला.

“मावशे, उद्याच्याला पोराचं वावर हाये बाजूचं. त्ये आवरलं की तुज्याकडंच येतो. आईची आन.”

“माझा नंबर चोविसावा, धावज्या. उद्या गंगूबाईचा. तिच्याकडं जा.”

“गंगूबाईच्या घरात आठ मानसं हायेत. ती कुनाची वाट बघती व्हय?”

तान्हाबाई विळा कमरेला खोवून घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठरल्याप्रमाणे गंगूबाईच्या वावरात गेली. गंगूबाईचं घरदार जुंपलेलं होतं. सावडीतून आलेली ती एकटीच. तिने दिवसभर कापलं. तिसऱ्या दिवशी ज्याचा नंबर होता त्याच्याकडे गेली. जयश्रीने तिला हात धरून अडवलं.

“मावशी, तुझं वावर उभं आहे. आज गेलीस तर तुझं गळेल.”

“आखाडात ह्यांनी माझी लावनी केली का न्हाई?”

“केली. पण आता कोण येतंय?”

“कोन येतंय त्ये मी बघू का? मी जातीया त्ये बघ.” आणि मग तान्हाबाई चिडली. एरवी ती चिडत नसे. “तुला वाटतंय मी येडी हाये. म्होरकीच आधी आपलं कापाया बसली, तर मंग कुनाला तोंडानं इचारू, का आला न्हाईस म्हनून?”

जयश्रीने निरगुडकरांना फोन लावला. केंद्रावरचे तीस मजूर दोन दिवसांसाठी पाठवा म्हणाली. ते केंद्राच्या बियाणे-प्लॉटवर गुंतले होते. तिचं बोलणं मात्र संचालकांनी लक्षपूर्वक ऐकलं, हे कबूल करायला हवं. माणूस वाईट नव्हता.

“यावर उपाय आहे की,” ते म्हणाले. “पाकरोधक. फवारलं की ते वावर वायूला दाद देत नाही. पुढच्या वर्षी प्रत्येक वावराला त्याच्या नंबराप्रमाणे तारीख देऊ. सावड जशीच्या तशी.”

“यंदाचं काय?”

“यंदा एका प्लॉटचं नुकसान होईल. चोवीसपैकी एक, जयश्री. आकडेवारीत ते फार नाही.”

चौथ्या दिवशी जयश्री एकटीच मावशीच्या वावरात विळा घेऊन उतरली. तीस वर्षांनी. पहिल्या तासात डाव्या करंगळीवर विळा बसला. फडकं गुंडाळून ती कापत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी तान्हाबाई येऊन शेजारी उभी राहिली. त्या दिवशी ज्याचा नंबर होता त्याचं वावर घरच्यांनीच रिकामं केलेलं होतं, म्हणून तिला तिथून परत पाठवलं होतं.

दोघी कापत राहिल्या. पाचवा दिवस गेला. सहाव्या दिवशी दुपारी वारा सुटला. चांगला, थंड, एरवी हवाहवासा वाटावा असा. उभ्या कणसांमधून दाणे सुटायला लागले. मोहरीएवढे दाणे ते, त्यांचा पडताना आवाज तो काय येणार! तरी तान्हाबाईने विळा थांबवला आणि ऐकत राहिली. वावराचा सहावा हिस्सा कापून झाला होता. बाकीचा तासाभरात जमिनीवर आला. जयश्री मटकन बसली आणि ढसाढसा रडली. तान्हाबाई रडली नाही. तिने कापलेल्या पेंढ्या तेवढ्या ताडपत्रीवर ओढून घेतल्या.

आठव्या दिवशी गाव आलं.

गाव करील ते राव काय करील म्हणतात, तसं त्या दिवशी गावाने केलं. सगळ्यांत पुढे धावजी, मागे पांडू, गंगूबाई, रंजना. प्रत्येकाच्या डोक्यावर नागलीची पाटी. कुणी दोन पायली, कुणी चार. तान्हाबाईच्या पडवीत एकेक पाटी रिकामी होत गेली आणि ढीग वाढत गेला. तिच्या दीड एकरात कधी पिकली नसती एवढी नागली तिथे जमली.

“मावशे, राग नको धरू,” धावजी म्हणाला. “तुझं येका दान्याचं नुसकान न्हाई व्हायचं.”

तान्हाबाई ढिगाकडे बघत होती. जयश्रीला वाटलं, आता ती पाटीवर पाटी परत करील. अठरा वर्षांत तिने कुणाकडून मूठभरसुद्धा दाणा फुकट घेतलेला नव्हता. पण सहासष्टाव्या वर्षी स्वाभिमान शिजवून खाता येत नाही, आणि वर्ष पुढे उभं होतं. तिने पदर कमरेला खोचला आणि केरसुणीने ढीग आत लोटायला सुरुवात केली.

“बसा,” ती म्हणाली. “चा टाकते.”

कुणी बसलं नाही.

हंगामाचा अहवाल चांगला गेला. उतारा तिसऱ्या हिश्शाने वाढला, काढणीचे दिवस महिन्यावरून पाचवर आले, चोवीस मुली कार्तिकभर शाळेत हजर राहिल्या. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नुकसान या रकान्यात निरगुडकरांनी ‘एक प्लॉट, ग्रामस्थांनी भरपाई केली’ असं लिहायला सांगितलं. जयश्रीने तसं लिहिलं. दुसरं काय लिहायचं ते तिला सुचेना, आणि सुचलं असतं तर कोणत्या रकान्यात लिहिणार होती?

पावसाआधी, ज्येष्ठ लागताच ती पुन्हा उंबरखोलात आली. जीपमध्ये पाकरोधकाच्या चोवीस बाटल्या आणि शीतगृहातून काढलेलं जुन्या नागलीचं बियाणं, ज्याला हवं त्याला. देवळासमोर सगळे जमले. जुनं बियाणं पाहताच रंजना दोन पावलं मागे सरली.

“ताई, त्ये परत न्या. माझ्या सासूचे खांदे बघा आन् माझे बघा. मी न्हाई महिनाभर वाकनार.”

बायांनी माना डोलावल्या. जयश्रीची आई असती तर तिनेही डोलावली असती.

“मग पाकरोधक घ्या,” जयश्री म्हणाली. “प्रत्येक वावर वेगळ्या दिवशी पिकेल. सावड पुन्हा बसवता येईल.”

बाटलीला कुणी हात लावला नाही. शेवटी धावजीने तोंड उघडलं. “बाई, खरं सांगू का? घरच्या घरी पाच दिसांत आवरतंय. कशाला आता सावड? भाकरी करा, समद्यांची वाट बघा, रुसवे-फुगवे काढा. मावशेचं आमी बघू की. दर साली पाट्या आनून टाकू. तिला उपाशी ठिवनार हाये का गाव?”

तो मनापासून बोलत होता. बाटल्या तशाच जीपमध्ये राहिल्या.

तान्हाबाई देवळाकडे फिरकली नव्हती. जयश्री घरी गेली तेव्हा ती पडवीत सुपात नागली पाखडत होती. गावाने दिलेल्या ढिगातली. जयश्रीने तिला धावजी काय म्हणाला ते सांगितलं.

“मला ठावं हाये. लावनीचे नंबर ठरवायलाबी मला कुनी बोलावलं न्हाई यंदा. गेल्ये होते मी गंगूबाईकडं आपल्या पायानं. म्हनली, मावशे, तुमी बसा, तुमाला पोचतं करू.” तिने सूप खाली ठेवलं. “बसा म्हनली मला.”

“मावशी, मी तुझ्यासाठी काहीतरी करते. जुनी नागली तुला एकटीला झेपायची नाही, बडवणी आहे. ही नवी एकटीला आवरत नाही. पण…”

“पन काय?”

जयश्री बोलता बोलता थांबली, कारण तिच्या डोक्यात ते तयार व्हायला लागलं होतं. वायूला दाद न देणारा वाण. दाणा सैल, पण पिकणं पायरीपायरीने. एका माणसाला रोज झेपेल एवढंच, दोन महिने. जनुकं तिला माहीत होती. दोन वर्षांत झालं असतं, आणि निरगुडकरांनी ते डोक्यावर घेतलं असतं. खेड्याखेड्यांतून एकटी म्हातारी माणसं कमी का आहेत?

“रोज सूपभर पिकेल, रोज सूपभर काढायची,” ती म्हणाली. “कुणाची वाट बघायला नको. कुणाचं घ्यायला नको. असं पीक मी तुला काढून देऊ शकते.”

तान्हाबाईने सूप बाजूला सारलं. मग हसली. थट्टेतलं हसू होतं ते, जयश्रीला लहानपणापासून ओळखीचं. पण डोळे भरून आले होते.

“दे की. लई हुशार हायेस तू. लावनी येकटीनं, कापनी येकटीनं, समदं येकटीनं हुईल बघ तुझ्या पायी. पन पोरी, मी मेल्ये म्हंजी मला उचलाया चार मानसं लागतील. त्येंना कुनाचं काय देनं ऱ्हायलं न्हाई आता. ती कशापायी येतील, त्ये काढलंय का कुनी तुमच्या केंद्रात?”